जस्त आणि चुना

राजेंद्र नगर, इंदूर
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय वाल्मिकदादा,

सप्रेम जयभीम.

नागपूरच्या बसवर आज एक पोतं चढवलं आहे. हे पत्र त्याच्या तोंडाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं आहे. फोनवरही सांगता आलं असतं. पण तू शाळेजवळच्या उंचवट्यावर उभा राहून ओरडतोस, मी इकडून ओरडते, आणि प्रमाण सांगायची वेळ आली की नेमका आवाज तुटतो. शिवाय फौजेत असताना तू आईला, तुझ्या मावशीला, पत्रं लिहायचास. ती अजून म्हणते की वाल्मिक कागदावर जास्त शहाणा असतो.

पोत्यावर गायीचं चित्र आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. आमच्या पोलोग्राउंडच्या कारखान्यात दुभत्या जनावरांचंच क्षारमिश्रण बनतं, पोती त्याचीच. मालकांना, ऋषभजींना, मी स्पष्ट सांगितलं होतं की हे वाढत्या डुकरांसाठी आहे. ते जैन, मला वाटलं नाही म्हणतील. पण म्हणाले, "खाना ही तो दे रही हो ना मॅडम? छोटी मशीन पे बना लो. बस, बोरी पे सूअर का फोटो मत छपवाना."

आत लोह, जस्त, तांबं, मॅंगनीज, थोडं आयोडीन आणि अगदी कणभर सेलेनियम आहे. हे सगळं इतकं थोडं लागतं की नुसतं टाकलं तर एका डुकराच्या पोटात सगळं जाईल आणि दुसऱ्याच्या काहीच नाही. म्हणून ते दुसऱ्या पुडीत मिसळून वाढवलेलं असतं. शंभर किलो खाद्यात अर्धा किलो टाक. आधी थोड्या कोंड्यात कालव, मग तो कोंडा सगळ्या खाद्यात. तुझी पिल्लं आता दूध सुटून बरीच मोठी झाली असतील. या वयात हाडं, मांस, कातडी एकदम वाढतात, आणि तुमच्याकडच्या कणी-कोंड्यात हे क्षार पुरेसे नसतात. कोंड्यात जस्त असलं तरी कोंडाच ते धरून ठेवतो, आतड्यात सुटू देत नाही.

आई म्हणाली, "एमेस्सी करून डुकरांना पावडर." मी म्हटलं, गायींना करते तेव्हा नाही बोलत. तर म्हणे, "तेव्हाही मनात होतंच."

डुकरांसाठीचं मिश्रण मी पहिल्यांदाच करते आहे. पुन्हा पुन्हा तपासलं आहे, तरी हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. मंजुळावहिनींना जयभीम.

तुझी
पंचशीला

*

आंबेटोला
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय पंचशीला,

जयभीम. पोतं मिळालं. फाट्यावर उतरवताना कंडक्टरने चित्र पाहिलं आणि म्हणाला, "काहून हवालदारसाहेब, गाय घेतली का?" मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. पोतं खांद्यावर मारलं आणि निघालो.

खुराक सुरू केला. डुकरांनी तोंड वाकडं केलं नाही. शेडमध्ये दोन कप्पे आहेत, एक रस्त्याच्या बाजूला, एक मागे. दोन्हीतली पिल्लं एकाच विताच्या दोन बहिणींची. अंगाने अजून गुलाबी, शेपट्या गोल.

तू कधी आली नाहीस म्हणून सांगतो. माझं शेड पाहायला लोक नाक धरून येतात आणि जाताना नाक सोडलेलं असतं. पाणी दोन वेळा, विष्ठा लगेच खड्ड्यात, आणि दर रविवारी चुना. बैरकीत मुआयन्याच्या, साहेबांच्या तपासणीच्या, आधी करायचो तसाच, आतून-बाहेरून, भिंतीच्या पायापासून वरपर्यंत. डुक्कर म्हटलं की गावाला गटार दिसतं. आणि आपल्या माणसाने डुक्कर पाळलं की त्यांना आणखी काय काय दिसतं ते तुला सांगायला नको. माझा सख्खा भाऊ महूहून म्हणतो, बाबासाहेबांनी कशासाठी शिकवलं आपल्याला? मी वाद घालत नाही. मी भिंत दाखवतो.

मंजुळा म्हणते, "घराला दिवाळीत एक हात, अन् डुकरांले दर आठवड्याले. पुढच्या जन्मी डुक्कर होतो मी."

जागा तिच्या वडिलांची, विहीर तिच्या वडिलांची. मी सासुरवाडीत राहणारा निवृत्त हवालदार. तिला बोलायचा हक्क आहे.

तुझा
वाल्मिकदादा

*

आंबेटोला
२७ डिसेंबर २०२४

प्रिय पंचशीला,

मागच्या पत्रात सगळं ठीक लिहिलं होतं. आता ठीक नाही.

पंधरवड्यापूर्वी काही डुकरांच्या पोटाखाली लाल ठिपके दिसले. मी डास समजलो. मग मांड्यांच्या आतून, कानांमागे, पायांवर खपल्या धरल्या. आता दोन्ही कप्प्यांत तेच. कातडी सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखी, कोरडी आणि भेगाळलेली. खाणं कमी झालं, वाढ थांबली. मंजुळाने कडुनिंबाचं तेल चोळलं. फरक नाही. तिच्या फोनवरून तुला फोटो पाठवायला सांगितला आहे.

शेड शाळेच्या कुंपणाला लागून नाही, पण मुलं रस्त्यावरून दिसतात तशी डुकरंही मुलांना दिसतात. दोन आयांनी ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं की हवालदाराच्या डुकरांना खरूज झाली, ती पोरांना लागेल. सरपंच वसुंधराताई स्वतः आल्या. बाई वाईट नाही. म्हणाल्या, "भाऊ, मले तुमचं शेड पटते. पण लोकांले उत्तर द्या लागते." नऊ फेब्रुवारीला समिती येणार, सोबत तालुक्याचे गुरांचे डॉक्टर. रोग लागणारा निघाला तर शेड गावाच्या हद्दीबाहेर न्यायचं.

हद्दीबाहेर माझी जागा नाही. म्हणजे शेड बंद.

खुराक तू सांगितला तसाच देतो आहे. एक दिवस चुकवला नाही.

वाल्मिकदादा

*

राजेंद्र नगर, इंदूर
१ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

फोटो मिळाला. कालपासून तोच बघते आहे. काल दुपारी भीमा कोरेगावला जाणाऱ्यांची गाडी आमच्या कॉलनीतून निघाली, मी निरोप द्यायला उभी होते आणि डोक्यात डुकराचं पोट होतं.

कातडी मोठी करून पाहिली. मला ही खरूज वाटत नाही, पण मी जनावरांची डॉक्टर नाही. दोन गोष्टी कळव. पहिली, डुकरं अंग घासतात का? खरजेत ती भिंतीला, खांबाला सारखी घासतात, स्वस्थ बसत नाहीत. दुसरी, तालुक्याच्या दवाखान्यात कातडीची खरवड दे. खरजेचा किडा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

किडा नसेल तर माझा संशय जस्तावर आहे. वाढत्या डुकराला जस्त कमी पडलं की कातडी अशीच जाड होते, खपल्या धरते. आणि तो रोग लागणारा नसतो, ना डुकरांना, ना मुलांना.

म्हणजे दोष माझ्या मिश्रणात असू शकतो. तुमच्याकडे कोंड्याचं प्रमाण किती ते मी विचारलं नव्हतं, अंदाज केला होता. तूर्त प्रमाण दुप्पट कर, शंभर किलोत एक किलो. नवीन बनवून पाठवेपर्यंत एवढं तरी होईल.

ऋषभजींना सांगितलं. म्हणाले, "गलती अपनी हो तो नया माल अपना." मी म्हटलं, अजून ठरलं नाही कोणाची. म्हणाले, "आप तो ऐसे बोल रही हो जैसे तय हो गया."

तुझी
पंचशीला

*

आंबेटोला
१२ जानेवारी २०२५

प्रिय पंचशीला,

दवाखान्यात किडा सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, एका खरवडीवरून मी लिहून देणार नाही, नऊ तारखेला येऊन बघतो. अंग घासत नाहीत. उलट सुस्त पडून राहतात.

खुराक दुप्पट केला. आठवडा झाला. कमी झालं नाही, वाढलं. मागच्या कप्प्यातल्या एका पाटीला, म्हणजे वाढत्या मादीला, पायाच्या भेगांतून रक्त येतं, ती लंगडते. तू म्हणतेस जस्त, तर जस्त दुप्पट जाऊन असं कसं? विचारतो आहे, दोष देत नाही.

माझ्याकडून तयारीत कसर नाही. आता रविवारची वाट बघत नाही, एक दिवसाआड चुना मारतो. खाण्याच्या कुंड्याही आतून पांढऱ्या केल्या. समितीला बोट ठेवायला जागा सापडणार नाही. गंमत सांगू? डुकरांनाही ओला चुना आवडतो. माझी पाठ फिरली की भिंत चाटायला लागतात, नाकं पांढरी करून उभी असतात. सकाळी परत एक हात मारावा लागतो. मंजुळा म्हणते, "तुमचीच पलटन, बापा. चुन्याशिवाय चैन नाई."

नवीन पोतं लवकर पाठव.

वाल्मिकदादा

*

पोलोग्राउंड, इंदूर
१६ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

हे कारखान्यातूनच लिहिते. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

चुना. दादा, चुनाच.

चुन्यातलं कॅल्शियम पोटात जास्त झालं की ते कोंड्याच्या मदतीने जस्ताला बांधून टाकतं. खाद्यात जस्त असतं, पण शरीराला मिळत नाही. म्हणून मी कितीही वाढवलं तरी कातडी उपाशीच. तुझी डुकरं रोज भिंत खात आहेत, आणि आता कुंडीसुद्धा.

तू हे नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलं होतंस. दर रविवारी चुना, पायापासून वरपर्यंत. मी वाचलं आणि मला वाटलं, वा, किती स्वच्छ. आता फोटो परत काढला. मागे पांढरी भिंत आहे, खालच्या हातभर पट्टीत ती चाटून पुसट झालेली आहे. डुकराचं नाक पांढरं आहे. मी ते उन्हाची चमक समजले होते. कातडी इतकी मोठी करून बघत होते की भिंत चौकटीच्या बाहेर गेली.

आणि आणखी एक, ते तुला कळायलाच हवं. क्षार ज्या पुडीत मिसळून वाढवतात म्हटलं होतं, ती पूड आमच्याकडे चुनखडीची असते. गायीला दुधासाठी कॅल्शियम लागतं, म्हणून तिला चालतं. मी सवयीने तीच वापरली. म्हणजे प्रमाण दुप्पट कर म्हणाले तेव्हा मी जस्तासोबत चुनखडीही दुप्पट केली. तुझ्या "असं कसं"चं हेच उत्तर आहे. त्या पाटीच्या पायाचं रक्त थोडं माझ्याकडेही येतं.

आजच्या बसने नवीन पोतं येतं आहे. यातली पूड मक्याची आहे, जस्त वाढवलं आहे. जुनं पोतं बंद कर. आणि भिंती आतून, डुकराचं तोंड पोहोचेल तिथपर्यंत, खरवडून काढ. कुंड्याही. खाली पडलेला चुरा धुऊन टाक, नाहीतर तो चाटतील.

समितीला अजून तीन आठवडे आहेत. जमेल.

पंचशीला

*

आंबेटोला
२० जानेवारी २०२५

पंचशीला,

पोतं मिळालं, सुरू केलं. कुंड्या घासल्या. भिंती खरवडणार नाही.

लोक येणार ते माझं शेड घाण आहे का हे बघायला. जस्त बघायला नाही. आणि मी त्यांच्यापुढे खरवडलेल्या, डागाळलेल्या विटा ठेवू? या गावात माझ्याकडे दाखवायला दुसरं आहे काय? डुकरं आजारी, मी बाहेरचा, भिंत तेवढी पांढरी. आता नवीन चुना मारणार नाही, एवढं करतो. वाळलेला आहे तो राहील.

तू पोलोग्राउंडला पांढरा कोट घालून जातेस. तपासणीच्या दिवशी तो काढून ठेव म्हणून तुला कोणी सांगितलं तर?

वाल्मिकदादा

*

राजेंद्र नगर, इंदूर
२४ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

कोट मी रोज घालते, खरं आहे. तो घालूनच मी "दुप्पट कर" लिहिलं, हेही खरं आहे.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती म्हणेल, बघ, डुकरं पाळली की असं होतं. ती म्हणाली, "त्याला चुना मारायला कोणी लावलं, ते त्याला विचार. डुकरांनी तर नाही."

मी तुला हुकूम करू शकत नाही, आणि या वेळी खात्रीनेही बोलणार नाही. एकदा खात्रीने बोलून झालं. वाळलेला चुनाही चुनाच, तोही ती कुरतडतील, असं मला वाटतं. किती फरक पडेल ते मोजून सांगता येत नाही. नुसत्या नव्या खुराकानेही बरी होतील कदाचित, पण नऊ तारखेपर्यंत होतील असं वाटत नाही.

म्हणून एवढंच सुचवते. दोन कप्पे आहेत. खुराक दोन्हीकडे तोच दे. एकाच कप्प्याच्या भिंती खरवड, दुसरा पांढरा राहू दे. माझं चुकत असेल तर दोन्हीकडची डुकरं सारखीच दिसतील आणि निम्मं शेड तरी तुझ्या मनासारखं असेल. हे सुचवतानाही एक टोचणी आहे, की एका कप्प्यातली डुकरं मी मुद्दाम मागे ठेवते आहे. लंगडणाऱ्या पाटीला तरी खरवडलेल्या बाजूला आण.

कुठला कप्पा, ते तू ठरव.

तुझी
पंचशीला

*

आंबेटोला
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय पंचशीला,

जयभीम. मधे पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही ठरलं नव्हतं. आता सगळं क्रमाने सांगतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मंजुळाने ते माझ्याआधी वाचलं. मी म्हणालो, मागचा कप्पा खरवडतो, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. ती म्हणाली, "मंग पुढं काय दाखवसान? पांढरी भिंत अन् खपल्यायचे डुकरं?" आणि खुरपं घेऊन स्वतः रस्त्याच्या बाजूच्या कप्प्यात उतरली. मग मला तारेचा ब्रश घ्यावाच लागला. दिवसभर खरवडलं. संध्याकाळी विटा उघड्या पडल्या, कुठे लाल, कुठे काळ्या, मधेच पांढरे ओरखडे. अशी भिंत मी बैरकीत ठेवली असती तर शिक्षा म्हणून रात्रभर पाठीवर पिट्टूचं ओझं घेऊन पळालो असतो. पाटीला उचलून तिकडे आणलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. एकाने विचारलं, "हवालदार, शेड पाडता का?"

पहिला आठवडा काहीच नाही. रोज सकाळी तुला मनात शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस पाटीच्या कानामागची खपली हाताला लागून सुटली. खाली कातडी गुलाबी होती. मी मंजुळाला हाक मारली. ती म्हणाली, "पाह्यली मी कालच. म्हटलं तुमाले सापडू द्याव."

नऊ तारखेला वसुंधराताई, ग्रामसेवक, दोन सदस्य आणि डॉक्टर आले. मी गणवेश घालणार होतो, मंजुळाने घालू दिला नाही. वसुंधराताई पुढच्या कप्प्यापाशी थांबल्या.

"भाऊ, हे भिंत अशी काहून केली?"

सवयीने पाय जुळले. मग म्हणालो, "ताई, आधी भिंत पाहू नका. डुकरं पाहा."

पुढच्या कप्प्यात पोटं साफ होत आलेली, खपल्यांच्या जागी नवी कातडी. पाटी लंगडत नव्हती, कुंडीशी भांडत होती. मग मी त्यांना मागे नेलं. भिंत दुधासारखी, आणि डुकरांची अंगं अजून निम्मी तशीच, सुकल्या गाळासारखी. थोडी बरी, पण बघवत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "हे वेगळे आणले का कुठून?"

"एकाच विताच्या दोन बहिणींची पिल्लं आहेत साहेब. खुराक एकच. फक्त भिंत वेगळी."

डॉक्टरांनी मागच्या भिंतीवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि एकदम हसले. "जस्त!" म्हणाले. त्यांनी पुन्हा खरवड घेतली, सूक्ष्मदर्शक गाडीतच होता. किडा नाही. वसुंधराताईंना त्यांनी समजावलं की हे लागत नाही, पोरांनी हात लावला तरी लागत नाही. एका सदस्याला तुझं पोतं सापडलं. "अन् हे काय जी? डुकरांले गायीचा खुराक?" मी म्हणालो, "गायीचं फक्त चित्र आहे. खुराक माझ्या बहिणीने डुकरांसाठी बनवला आहे, इंदुरात." डॉक्टरांनी चूर्ण हातावर घेऊन पाहिलं आणि मान हलवली.

शेड राहणार. काल ग्रामपंचायतीचा लेखी ठराव हाती आला. वाचून मी ओसरीवरच बसलो. पहिली ओळ चांगली, शेड आहे तिथे ठेवण्यास हरकत नाही. दुसरी ओळ: मालकाने शेडला दर आठवड्यास आतून व बाहेरून चुना लावून स्वच्छता राखावी. ग्रामसेवकाने नेहमीचा मजकूर उतरवला असणार.

तसाच उठून वसुंधराताईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

"ताई, यातला एक शब्द काढायचा आहे."

"कोन्ता?"

"आतून."

त्यांनी कागद वाचला, सूप बाजूला ठेवलं, आणि इतक्या हसल्या की आतून सून बाहेर आली. मग पेन मागवून "आतून व" खोडलं आणि बाजूला सही केली.

मागचा कप्पाही खरवडला. आज बाहेरून चुना मारला, रस्त्याच्या बाजूने, जिथे डुकरांचं तोंड पोहोचत नाही. एक हात पुरला. उरलेला चुना मंजुळाने घराला मागितला. डुकरांच्या कप्प्यात जाण्याआधी मी हात साबणाने धुतले.

मावशीला सांग, चुना मारायला कोणी लावलं या तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून शोधतो आहे.

पुढचं पोतं मार्चच्या सुरुवातीला लागेल. गायीचं चित्र असलं तरी चालेल, ऋषभजींना त्रास देऊ नकोस. पण त्याखाली जाड पेनाने ठळक लिही: डुकरांसाठी. कंडक्टरला पहिल्या पोत्याच्या वेळी धड उत्तर दिलं नव्हतं.

तुझा
वाल्मिकदादा